मांडवात हवी, घरात नको

कोणत्याही कलेला तिचे रूढ नाव कोणी दिले हे शोधले, म्हणजे त्या कलेच्या नशिबाची निम्मी हकिकत हाती लागते. आज जगभर ‘बेली डान्स’ म्हणून ओळखले जाणारे नृत्यच घ्या. ‘पोटाचा नाच’ हे नाव तो नाचणाऱ्यांनी ठेवलेले नाही. ज्या देशात हे नृत्य सर्वाधिक बहरले, त्या इजिप्तमध्ये त्याला ‘रक्स शर्की’ म्हणतात. रक्स म्हणजे नृत्य आणि शर्की म्हणजे पूर्वेकडचे. हैदराबादच्या आमच्या वाचकांना यांतला पहिला शब्द उर्दूमुळे परिचित असेल. दुसरा शब्द जौनपूरच्या शर्की सुलतानांमुळे इतिहासाच्या पुस्तकात सर्वांनीच वाचलेला आहे. लग्नकार्यात, घरच्या बायकांनी आपसांत जो साधा नाच करायचा, त्याला तेथे ‘रक्स बलदी’ म्हणतात. म्हणजे आपल्या गावचा, आपल्या मातीतला नाच. या दोन्ही नावांत पोटाचा उल्लेख कोठेही नाही. तो आला एकोणिसाव्या शतकातील फ्रेंचांच्या तोंडून, आणि त्याचे इंग्रजी भाषांतर रुळले अमेरिकेत. पाहणाऱ्यांची नजर जेथे खिळली, तेच या नृत्याचे नाव झाले.

या नावामुळे जे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते, त्याहून हे नृत्य पुष्कळ निराळे आहे. आपल्या कथ्थकात पावलांना जे महत्त्व आहे, किंवा भरतनाट्यमात हस्तमुद्रांना जे स्थान आहे, ते येथे धडाला आहे. नर्तकी जागेवरून फारशी हलत नाही. पावले जमीन धरून असतात. आणि कंबर, बरगड्यांचा पिंजरा, खांदे हे भाग एकमेकांपासून अलग करून हलवायचे असतात. कमरेला द्रुत लयीतला कंप चालू असावा आणि त्याच वेळी खांदे व चेहरा अगदी शांत असावा, ही साधना वर्षानुवर्षांची आहे. साथीला ऊद, कानून, नाय नावाची बासरी, रिक् नावाची खंजिरी आणि ‘तबला’ असतो. मात्र हा तबला आपल्यासारखा जोडीचा नसून पेल्याच्या घाटाचा एकच नग असतो. त्याचे मुख्य बोल दोन: भरीव ‘दुम’ आणि टिपेचा ‘तक’. नर्तकीच्या बोटांत ‘सागात’ नावाच्या लहान झांजा असतात. ‘मक्सूम’ हा त्यांचा चार मात्रांचा ताल फार लोकप्रिय आहे. मध्येच ताल थांबतो आणि एकच वाद्य सुरांचा विस्तार करू लागते. त्यास ‘तक्सीम’ म्हणतात. आपल्या आलापीची ज्यांस गोडी आहे त्यांना त्याची जात लगेच ओळखू येईल. वादक काय वाजवणार हे आधी ठरलेले नसते, आणि नर्तकीने ते सूर त्याच क्षणी देहाने उमटवावयाचे असतात. ज्या कलेत इतके ऐकावे लागते, तिला केवळ पोटाचा नाच म्हणणे म्हणजे गाण्याला घशाचा व्यायाम म्हणण्यासारखेच झाले.

या नृत्याच्या प्राचीनतेविषयी पुष्कळ सुरस कथा सांगितल्या जातात. ते देवीच्या उपासनेतून निघाले, प्रसूती सुलभ व्हावी म्हणून बायकांनी ते निर्मिले, फॅरोंच्या काळापासून ते अखंड चालत आले, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. प्राचीन इजिप्तच्या थडग्यांतील चित्रांत नर्तकी आहेत, हे खरे. परंतु त्या चित्रांपासून आजच्या रंगमंचापर्यंत एक सलग धागा दाखविणारा पुरावा अभ्यासकांच्या हाती नाही. कलेला मोठेपणा देण्यासाठी तिला हजारो वर्षे मागे ढकलण्याचा मोह आपल्यालाही नवा नाही. आम्हांस वाटते, गेल्या दोनशे वर्षांचा जो लेखी इतिहास आहे, तोच पुरेसा बोलका आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कैरोत गाण्या-नाचण्यावर उपजीविका करणाऱ्या स्त्रियांचे दोन वर्ग होते. एक ‘अवालिम’. या शब्दाचे एकवचन ‘आलिमा’, म्हणजे विदुषी. नाटकाची ‘तालीम’ हा आपल्या रोजच्या वापरातला शब्दही त्याच अरबी धातूपासून आला आहे. या स्त्रिया काव्य व संगीत जाणणाऱ्या असत. मोठ्या घरांच्या जनानखान्यात बायकांपुढे गात, आणि पुरुषांनी त्यांचे गाणे ऐकायचे ते जाळीआडून. दुसरा वर्ग ‘गवाझी’. या रस्त्यावर, अंगणात, जत्रेत, चेहऱ्यावर पडदा न घेता नाचत. इंग्रज अभ्यासक एडवर्ड लेन यांनी १८३६ साली प्रसिद्ध केलेल्या इजिप्तवरील ग्रंथात हा भेद नोंदला आहे. युरोपातून येणाऱ्या इतर प्रवाशांना मात्र हा भेद उमगला नाही. विदुषी या अर्थाचा शब्द त्यांनी सरसकट नाचणारीला लावला आणि हळूहळू त्या शब्दाची पत गेली. कलावंतीण, नायकीण या शब्दांचे आपल्या भाषेत काय झाले, ते सुज्ञ वाचकांस सांगणे न लगे.

१८३४ साली इजिप्तचा अधिपती महंमद अली पाशा याने या सार्वजनिक नर्तकींना कैरोतून हद्दपार केले. तोपर्यंत याच बायकांकडून सरकार कर वसूल करीत असे. त्यांची रवानगी दक्षिणेकडे, नाईलच्या वरच्या अंगाला, एस्ना, केना, अस्वान अशा गावांकडे झाली. नाच मात्र कैरोतून गेला नाही. स्त्रिया गेल्यावर त्यांची जागा स्त्रीवेष घेऊन नाचणाऱ्या तरुण पुरुषांनी घेतली. तमाशातला नाच्या ज्यांनी पाहिला वा ऐकला आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. समाजाला नाच हवाच होता; नको होती ती नाचणारी बाई. पुढील काही दशकांत ही बंदी सैल झाली आणि नर्तकी पुन्हा कैरोत आल्या. त्यांची व वादकांची वस्ती जेथे झाली, वाद्ये बनविणाऱ्यांची दुकाने जेथे थाटली गेली, त्या रस्त्याचे नाव ‘महंमद अली रस्ता’. ज्याने नर्तकींना शहराबाहेर घालविले, त्याच पाशाचे नाव पुढे त्यांच्या पत्त्यात आले, हा इतिहासाचा विनोद म्हणावा लागेल.

हद्दपारीचे दुसरे फळ असे की युरोपीय प्रवासी नाईलच्या सफरीवर निघाले की एस्नाला नाच पाहण्यासाठी उतरू लागले. १८५० साली फ्रेंच कादंबरीकार गुस्ताव फ्लोबेर तेथे आला आणि कुचुक हानेम नावाच्या नर्तकीला भेटला. या भेटीचे वर्णन त्याने आपल्या टिपणांत आणि पत्रांत केले, आणि पौर्वात्य स्त्रीचे जे चित्र युरोपच्या मनात ठसले त्यात या वर्णनाचा मोठा वाटा आहे. ‘कुचुक हानेम’ हे खरे तर नाव नव्हेच. तुर्की भाषेत त्याचा अर्थ ‘छोट्या बाईसाहेब’ असा लाडका उल्लेख. एडवर्ड सईद यांनी १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ओरिएंटॅलिझम’ या ग्रंथात नेमके यावर बोट ठेवले. ही बाई स्वतःविषयी काहीच बोलत नाही. तिच्या वतीने सारे काही फ्लोबेरच बोलतो. तिचे गाव कोणते, गुरू कोण, तिला कोणता ताल आवडे, एस्नाला ती सुखी होती काय, यांपैकी एकही प्रश्न त्या काळी कोणाला पडला नाही.

पुढची पायरी म्हणजे या नृत्याचे प्रदर्शन, आणि तेही शब्दशः. १८८९ साली पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरले. आयफेल मनोरा त्याच प्रदर्शनासाठी उभारलेला. तेथे ‘कैरोचा रस्ता’ या नावाची एक गल्ली हुबेहूब वसविण्यात आली आणि तेथल्या नाचाला मोठी गर्दी लोटली. चार वर्षांनी, १८९३ साली, हीच कल्पना शिकागोच्या प्रदर्शनात अवतरली. स्वामी विवेकानंदांचे भाषण झाले ती सर्वधर्मपरिषद याच प्रदर्शनाच्या निमित्ताने, याच वर्षी, याच शहरात भरली होती. म्हणजे एकीकडे पूर्वेकडचा एक संन्यासी आपल्या धर्माविषयी स्वतःच्या शब्दांत बोलत होता, आणि शहराच्या दुसऱ्या भागात पूर्वेकडच्या स्त्रिया नाचत होत्या व त्यांच्याविषयी इतरच बोलत होते. करमणुकीच्या विभागाची व्यवस्था सोल ब्लूम या तरुणाकडे होती. ‘बेली डान्स’ हे इंग्रजी नाव रूढ करण्याचे श्रेय अनेकदा त्याला दिले जाते. हाच गृहस्थ नंतर अमेरिकन संसदेचा सभासद झाला. नाव ऐकताच लोकांना काहीतरी चावट पाहावयास मिळेल असे वाटले आणि तिकिटे खपली. सभ्य म्हणविणाऱ्यांनी निषेध केला. त्यामुळे गर्दी आणखी वाढली. या नाचाच्या भ्रष्ट नकला मग अमेरिकेतील हलक्या नाटकगृहांतून सुरू झाल्या आणि त्या नकलांनाच लोक मूळ समजू लागले.

इतके सारे सोसूनही या नृत्याने मायदेशी पुन्हा डोके वर काढले, ते एका कर्तबगार स्त्रीमुळे. बदिया मसाबनी या मूळच्या सीरियाकडच्या बाईंनी १९२६ साली कैरोत स्वतःचे नाट्यगृह काढले. पूर्वी हा नाच अंगणात, चहूबाजूंनी बसलेल्या मंडळींत, थोड्या जागेत होत असे. बदियाबाईंनी त्याला रंगमंच दिला, मोठा वाद्यवृंद दिला, हातांच्या हालचालींना लांबी-रुंदी दिली आणि समूहरचना बसविल्या. रंगमंचाचा जो चमचमता दोन भागांचा पोशाख आज आपण या नृत्याशी जोडतो, तोही याच काळातला. त्यात जुन्या गवाझींच्या लांब अंगरख्यापेक्षा पाश्चात्य रंगभूमीचा आणि हॉलिवुडच्या कल्पनेचा अंश अधिक आहे. म्हणजे पश्चिमेने आधी पोटाचे नाव दिले, मग त्या नावाला शोभेल असा पोशाख सुचविला, आणि त्यानंतर १९५०च्या दशकात इजिप्तच्या सरकारने ते पोट जाळीदार वस्त्राने झाकण्याचा नियम केला. या साऱ्या उलाढालीत नर्तकीचे मत कोणी विचारले असेल असे वाटत नाही.

बदियाबाईंच्या हाताखालून ज्या नर्तकी तयार झाल्या त्यांत दोन नावे सर्वतोमुखी आहेत. सामिया गमाल यांनी या नृत्यात पाश्चात्य बॅलेचे काही अंश मिसळले. फरीद अल्-अत्रश या गायक-नटाबरोबरचे त्यांचे चित्रपट अरब जगात घरोघर पोहोचले, आणि १९४९ साली राजा फारूकने त्यांना इजिप्तची राष्ट्रीय नर्तकी म्हणून गौरविले. दुसऱ्या तहिया कारिओका. त्यांच्या नावातला ‘कारिओका’ हा शब्द एका ब्राझिलियन नृत्यप्रकारावरून आलेला. त्यांनी शंभरावर चित्रपटांतून कामे केली, राजकारणात उघड भूमिका घेतल्या आणि १९५०च्या दशकात त्यासाठी तुरुंगवासही सोसला. १९९९ साली त्या निवर्तल्या. ज्या सईदांनी कुचुक हानेमच्या मौनाकडे जगाचे लक्ष वेधले, त्यांचे बालपण कैरोत गेले होते आणि तहियांना त्यांनी लहान वयात रंगमंचावर पाहिले होते. १९९० साली त्यांनी तहियांवर एक गौरवपर लेख लिहिला. थोर नर्तकीची ओळख ती किती हालते यावरून नव्हे, तर किती कमी हालते यावरून पटते, असे त्यांचे म्हणणे. कुचुक हानेमचे शब्द कोणी टिपले नव्हते. तहियांना मात्र सईद भेटले, बोलले आणि त्यांचे शब्द टिपून ठेवले. दोन नर्तकींमधला जवळजवळ दीडशे वर्षांचा पल्ला या एका गोष्टीत दिसतो.

तरीही घराचा उंबरा ओलांडला गेला नव्हता. १९५९ साली महमूद रेडा यांनी आपल्या बंधूंसह एक नृत्यपथक काढले. त्यातील प्रमुख नर्तकी फरिदा फहमी. त्यांचे वडील कैरो विद्यापीठात अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते आणि मुलीच्या पाठीशी ते ठाम उभे राहिले. प्राध्यापकाची कन्या रंगमंचावर नाचते, हे पाहून इजिप्तचा मध्यमवर्ग प्रथम चकित झाला आणि मग टाळ्या वाजवू लागला. १९६१ साली सरकारने हे पथक आपल्या आश्रयाखाली घेतले. फरिदाबाईंनी पुढे अमेरिकेत नृत्याचा विद्यापीठीय अभ्यासही केला. त्यांचे कार्य मोठेच आहे. परंतु या पथकाने प्रतिष्ठा मिळविली ती लोकनृत्यावर आधारलेल्या, रंगमंचासाठी घडविलेल्या रचनांना. लग्नाच्या मांडवात आणि रात्रीच्या कार्यक्रमात नाचणारी बाई त्या प्रतिष्ठेच्या कुंपणाबाहेरच राहिली.

या बाहेर राहिलेल्या स्त्रियांचे म्हणणे ऐकण्याचे काम कारिन व्हान न्यूकेर्क या डच अभ्यासिकेने केले. त्यांच्या १९९५ साली निघालेल्या ग्रंथाचे शीर्षक ‘अ ट्रेड लाइक एनी अदर’ असे आहे. म्हणजे ‘इतर कोणत्याही धंद्यासारखाच एक धंदा’. महंमद अली रस्त्यावरच्या आणि लग्नसमारंभांत नाचणाऱ्या बायकांचे म्हणणे साधे होते: आम्ही कष्ट करतो, मुलाबाळांच्या तोंडी घास घालतो, मग आम्हांला निराळे का मानावे? इजिप्तमध्ये वधूवरांची वरात वाजतगाजत निघते आणि तिच्या पुढे नर्तकी असते. कधी तिच्या डोक्यावर पेटत्या मेणबत्त्यांचे झुंबर असते. नवपरिणीत जोडप्याने तिच्या पोटावर हात ठेवून छायाचित्र काढून घ्यावे, अशीही एक रीत आहे. ज्या बाईचा पायगुण लग्नाला शुभ, तिची मुलगी सून म्हणून मात्र चालत नाही. ‘मांडवात हवी, घरात नको’ या चार शब्दांत हा सारा व्यवहार मावतो.

आजही हे प्रकरण संपलेले नाही. जानेवारी २०२२ मध्ये इजिप्तमधल्या एका शाळेतील शिक्षिका सहकाऱ्यांबरोबर नाईलवर नौकेच्या सहलीस गेल्या आणि तेथे सर्वांसमवेत थोडा वेळ नाचल्या. अंगभर कपडे, डोक्याला रुमाल. कोणीतरी ते चित्रित करून सर्वत्र पसरविले. बाईंची नोकरी गेली, आणि नवऱ्याने घटस्फोट दिला. मग देशातल्या अनेक स्त्रिया त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. दुसऱ्या एका शाळेच्या उपमुख्याध्यापिकेने तर स्वतःच्या मुलीच्या लग्नात आपण नाचल्याची छायाचित्रे मुद्दाम प्रसिद्ध केली. अखेर त्या शिक्षिकेला पुन्हा नेमणूक मिळाली. त्या बाई व्यवसायाने नर्तकी नव्हत्या. ‘रक्स बलदी’, म्हणजे प्रत्येक घरात लग्नाकार्याला होतो तोच नाच त्यांनी केला होता. नर्तकीच्या नावावरचा डाग पुसायचा राहिला, की तो कधीतरी घरातल्या बाईच्या पदरालाही लागतो, हेच या घटनेने दाखविले.

आता याच्या अगदी उलट चित्र पाहा. इजिप्तच्या बाहेर हे नृत्य शिकणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढतच गेली. अमेरिकेत जमीला सलीमपूर यांनी १९६८ साली ‘बाल अनात’ हे पथक काढले आणि या नृत्याच्या हालचालींना नावे देऊन शिक्षणाची पद्धत बसविली. १९८७ साली सॅन फ्रान्सिस्कोत कॅरोलिना नेरिसिओ यांनी निराळीच वाट काढली. अनेक स्त्रियांनी एकत्र नाचावे, एकीने खूण करावी आणि इतरांनी ती उचलावी, आधी काही ठरवू नये, अशी ती पद्धत. २००१ पासून वडिलांकडून लेबनी वंशाच्या शकीरा या कोलंबियन गायिकेच्या गाण्यांनी तरुण पिढीचे लक्ष याकडे वेधले. कैरोत २००० सालापासून नृत्यशिक्षिका राकिया हसन यांचा वार्षिक मेळा भरू लागला आणि तेथे शिकण्यासाठी देशोदेशींच्या स्त्रिया येऊ लागल्या. परदेशी नर्तकींची संख्या कैरोत इतकी वाढली की २००३ साली सरकारने त्यांच्यावर बंदी घातली, आणि पुढच्याच वर्षी ती उठवली. ज्या कलेला आपल्या मुली जाऊ देत नाहीत, ती कला परक्या मुली येऊन शिकतात आणि मग ‘आमची कला नेली’ म्हणून हळहळ होते, हा अनुभव केवळ इजिप्तचाच नव्हे.

या आकर्षणाचे कारण काय असावे? आमच्या मते, ते आहे या नृत्याच्या उदारपणात. बॅलेसाठी कोवळ्या वयापासून शरीर घडवावे लागते आणि ते सडसडीत असावे लागते. येथे चाळिशीतल्या, दोन मुलांच्या आईलाही आरंभ करता येतो. जे शरीर भरले म्हणून इतरत्र खंत करावी लागते, ते येथे अडचण ठरत नाही. दुसरे असे की मुळात हा बायकांनी बायकांत करावयाचा नाच. त्यामुळे शिकण्याच्या खोलीत पाहणाऱ्याची नजर नसते. दिवसभर दुसऱ्यांच्या दृष्टीने स्वतःकडे पाहून थकलेल्या स्त्रीला तासभर स्वतःच्या देहाशी संवाद साधता यावा, याचे मोल ज्यांना ते कधी लाभले नाही त्यांनाच कळेल. आणि तिसरे कारण म्हणजे ते संगीत.

आपल्या घरांत या नृत्याची ओळख झाली ती बहुधा हिंदी चित्रपटांतून. १९७५च्या ‘शोले’मधील हेलन यांचे नृत्य आठवत नाही असा वाचक विरळा. चित्रपटाने त्याचा उपयोग बहुतेक वेळा डाकूच्या तळावरची किंवा मद्यालयातली करमणूक म्हणूनच केला; शिकागोच्या प्रदर्शनातली दृष्टी मुंबईच्या स्टुडिओतही पोहोचली होती, एवढाच याचा अर्थ. आता मोठ्या शहरांतून या नृत्याचे रीतसर वर्ग चालतात, आणि एखादी मुलगी वा सून तेथे जाऊ का म्हणून विचारते, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांपुढे तेच डाकूचे तळ उभे राहतात.

अशा वेळी आपण आपल्याकडचाही हिशोब तपासून पाहावा. बडोद्याच्या दरबारात तंजावरच्या नर्तकी होत्या आणि त्यांचे नृत्य हे संस्थानाचे भूषण होते. गोव्याच्या कलावंत घराण्यांतून केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या गायिका आल्या, आणि आज त्यांचे नाव घेताना आपण कानाची पाळी पकडतो. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासींविषयीचा कायदा झाला. मुलींना शोषणातून सोडविण्याचा त्याचा हेतू चांगलाच होता. त्यानंतर नृत्य सुशिक्षित घरांत आले, हे उत्तम झाले. पण ज्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले, त्या वृद्ध स्त्रियांची विचारपूस किती जणांनी केली? लावणीला आपण महाराष्ट्राची शान म्हणतो. विठाबाई नारायणगावकरांचा राष्ट्रपतींकडून गौरव झाला. तरी फडावरच्या बाईला घर भाड्याने देताना आपला हात अडखळतो, तो अडखळतोच. कैरोकडे बोट दाखविण्यापूर्वी तीन बोटे कोणाकडे वळली आहेत, ते पाहिलेले बरे.

मुलीला या वर्गाला पाठवावे की नाही, याचा निर्णय ज्या-त्या घराने करावा. त्यात आम्ही पडणार नाही. मात्र तो निर्णय नावावरून होऊ नये, एवढेच आमचे मागणे आहे. गाण्याच्या वा कथ्थकच्या शिक्षकाची जी चौकशी आपण करतो, तीच येथेही करावी. शिकविणाऱ्या बाईंनी स्वतः कोठे शिक्षण घेतले? ताल ओळखायला शिकवितात काय? नुसत्या चित्रपटगीतावर कंबर हालविणे आणि तक्सीम ऐकून तिच्याबरोबर जाणे यांतला फरक त्या जाणतात काय? वर्गातल्या मुलींना सुरक्षित व सन्मानाने वागविले जाते काय? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर ती विद्याच आहे. आणि नसतील, तर भरतनाट्यमचा वर्गसुद्धा टाकाऊच होय.

आणि जी मुलगी हे नृत्य शिकेल, तिला आपण एक गोष्ट अवश्य सांगावी. झगमगीत पोशाख आणि टाळ्या तिला सहज मिळतील. पण त्यांच्यामागे १८३४ साली गाठोडे डोक्यावर घेऊन नाईलच्या काठाने दक्षिणेला गेलेल्या बायका आहेत, स्वतःचे नावही मागे न राहिलेली एस्नाची ती नर्तकी आहे, आणि लेकरांसाठी दुसऱ्यांच्या लग्नांत रात्र रात्र नाचलेल्या महंमद अली रस्त्यावरच्या आया आहेत. त्या विदुषी होत्या, असे त्यांची भाषाच सांगत होती. त्यांची विद्या घेताना त्यांना नाकारू नये. कलेला मान दिला असे तेव्हाच म्हणता येईल, जेव्हा कलावंतिणीला आपल्या घरात, आपल्या ताटाशेजारी पाट मांडलेला असेल.